डक्टची सफाई : किती मोजावे आणि कशासाठी मोजावे

हिवाळा जवळ आला की अमेरिकेतील आमच्या वाचकांची पत्रे एकाच विषयाकडे वळतात. घरभर गरम आणि थंड हवा खेळवणारी यंत्रणा, म्हणजे फर्नेस (घर तापवणारी भट्टी), एअर कंडिशनर, पंखा आणि भिंतींतून जाणारे डक्ट (हवा वाहून नेणाऱ्या नळ्या) या सगळ्याला तिथे मिळून एचव्हीएसी म्हणतात. ती साफ करून घ्यायला किती खर्च येतो, आणि तो करावा की नाही, असे पत्रांतून विचारले जाते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहोत. पत्रे मूळ आशय राखून संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचे दुमजली घर सुमारे २,४०० चौरस फुटांचे आहे. डक्ट साफ करून घेण्यासाठी तीन ठिकाणी चौकशी केली. पहिल्याने १२९ डॉलर सांगितले, दुसऱ्याने ६८० आणि तिसऱ्याने १,४५०. एकाच घरातील एकाच कामासाठी एवढी तफावत कशी असू शकते? यातला रास्त दर कोणता?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपण ‘एकाच कामासाठी’ असे लिहिले आहे, आणि गोंधळ नेमका तिथे आहे. हे तीन आकडे बहुधा तीन निराळ्या कामांचे आहेत, फक्त तिघांनीही त्या कामाला ‘डक्टची सफाई’ हे एकच नाव दिले आहे.

आधी सर्वसाधारण दर पाहू. अमेरिकेच्या केंद्र सरकारची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, घरमालकांसाठीच्या आपल्या माहितीपत्रकात हा खर्च ४५० ते १,००० डॉलरांच्या दरम्यान असल्याचे सांगते, आणि तो नेहमीच या मर्यादेत राहील असे नाही, अशी पुस्तीही जोडते. हा आकडा अनेक जण उद्धृत करतात, पण त्याच वाक्यातील एक महत्त्वाचा तपशील बहुतेकांच्या नजरेतून निसटतो : हा खर्च एका घराचा नसून एका यंत्रणेचा आहे. दुमजली घरांत पुष्कळदा तळघरात एक फर्नेस आणि माळ्यावर दुसरे यंत्र असते. दोघांचे डक्ट वेगळे, पंखे वेगळे आणि थर्मोस्टॅटही वेगळे असतात. आपल्या घरात अशा दोन यंत्रणा असतील तर १,४५० डॉलर म्हणजे प्रत्येकी ७२५, अर्थात मधल्या टप्प्यातला दर झाला. यंत्रणा एकच असेल, तर मात्र वरचे पैसे कशाचे हे विचारायला हवे. ईपीएचा हा आकडा बरीच वर्षे जसाच्या तसा छापला जात आहे, हेही लक्षात घ्यावे. महागड्या शहरांत आज वरच्या टोकाचा किंवा त्याच्याही थोडा पलीकडचा दर सांगितला गेला, तर तेवढ्यावरून कोणाला लुबाडणारा ठरवता येणार नाही.

दर कशावर ठरतो, तेही त्याच माहितीपत्रकात दिले आहे : कोणकोणत्या सेवा देणार, यंत्रणा केवढी आहे, तिच्यापर्यंत पोहोचणे किती सोपे आहे, घर कोणत्या हवामानाच्या प्रदेशात आहे, घाण किती साचली आहे आणि डक्ट कशाचा बनवलेला आहे. यातील पोहोच आणि डक्टचा प्रकार या दोन गोष्टींचे वजन घरमालकाला सहसा जाणवत नाही. उघड्या तळघरात डोक्यावरून गेलेला पत्र्याचा डक्ट साफ करणे आणि माळ्यावर गुडघ्यांवर सरकत, इन्सुलेशन तुडवत काम करणे यांत वेळेचा मोठा फरक पडतो. पत्र्याच्या डक्टमध्ये ताठ ब्रश फिरवता येतो. तारेच्या सांगाड्यावर पातळ आवरण ताणून केलेल्या लवचीक डक्टमध्ये तोच ब्रश आवरण फाडू शकतो, आणि आतून फायबरग्लासचे अस्तर असलेल्या डक्टमध्ये ते अस्तर उचकटू शकतो. अशा ठिकाणी कामगाराला हात आवरून, मऊ ब्रशने आणि सावकाश काम करावे लागते.

आता कामाची व्याप्ती. ईपीएचे म्हणणे असे, की सफाई करायचीच असेल तर हवा जिथून जिथून जाते ते सगळे साफ व्हावे : खोल्यांत हवा सोडणारे सप्लाय डक्ट, हवा परत ओढणारे रिटर्न डक्ट, भिंतींवरच्या आणि जमिनीवरच्या जाळ्या, फर्नेसमधील हीट एक्स्चेंजर (उष्णता हवेला देणारा भाग), कूलिंग कॉइल (हवा थंड करणारा, बारीक पत्र्यांचा भाग), कॉइलखालचा पाण्याचा ट्रे, पंख्याची मोटर आणि पंख्याभोवतीची पेटी. यातले काही वगळले, तर उरलेल्या भागातली धूळ साफ केलेल्या भागात पुन्हा जाऊन बसते. म्हणून ६८० डॉलर सांगणाऱ्याला विचारा, की यात कॉइल आणि पंखा धरले आहेत का. अनेकांच्या दरात केवळ डक्ट असतात, आणि कॉइलची सफाई ऐनवेळी वेगळ्या रकमेची म्हणून पुढे येते.

राहिले १२९ डॉलर. नीट काम करायचे तर यंत्रणेला मोठा व्हॅक्यूम जोडून आतला दाब कमी करावा लागतो, म्हणजे सुटलेली धूळ खोल्यांत न उडता व्हॅक्यूमकडे ओढली जाते. मग एकेका फाट्यात ब्रश किंवा दाबाची हवा घालून चिकटलेला थर मोकळा करावा लागतो. मध्यम आकाराच्या घरात हे दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. दोघांची मजुरी, गाडी, इंधन, यंत्राचा खर्च आणि विमा यांची मनातल्या मनात बेरीज करून पाहिली, तरी १२९ डॉलरांत ते बसत नाही हे कळते. एवढ्या पैशांत होते ते इतकेच, की जाळी काढून हात पोहोचेल तिथवर साधा व्हॅक्यूम फिरवायचा. डक्ट साफ करणाऱ्या व्यावसायिकांची नॅडका नावाची संघटना १९८९ पासून काम करते. अशा उरकून टाकलेल्या कामाला तिच्या वर्तुळात ‘ब्लो-अँड-गो’ म्हणतात, म्हणजे फुंकर मारा आणि निघा.

काही जण ‘प्रत्येक व्हेंटला’, म्हणजे हवेच्या प्रत्येक जाळीला, ‘इतके’ असा दर सांगतात. त्यात गैर काही नाही, मात्र मोजणी कशी होते ते पाहावे. समजा, दर व्हेंटला ३० डॉलर सांगितला आणि आपण घरातल्या चौदा जाळ्या मोजून ४२० डॉलरांचा हिशेब केला. प्रत्यक्षात त्या चौदांत रिटर्नच्या तीन जाळ्या धरलेल्या नसतात, मधल्या मुख्य डक्टचे पैसे वेगळे असतात, आणि फर्नेस तर हिशेबातच नसते. शेवटी बिल ६८० वाल्याच्या पुढे जाते.

माझा सल्ला असा, की १२९ चा प्रस्ताव बाजूला ठेवावा आणि उरलेल्या दोघांकडून लेखी अंदाजपत्रक मागावे. त्यात यंत्रणा किती, सप्लाय आणि रिटर्नच्या जाळ्या किती, मुख्य डक्ट, कॉइल आणि पंखा धरले आहेत की नाहीत, आत जाण्यासाठी पाडलेली भोके कशी बंद करणार, आणि कामाआधीची व नंतरची छायाचित्रे देणार का, हे स्पष्ट असावे. घर प्रत्यक्ष न पाहता फोनवर ठाम आकडा देणाऱ्यापेक्षा ‘येऊन पाहून सांगतो’ म्हणणारा मला अधिक भरवशाचा वाटतो. लेखी उत्तरे आल्यावर ६८० आणि १,४५० यांतील अंतर कदाचित बरेच कमी झालेले दिसेल.

प्रश्न : फोनवर ‘संपूर्ण घर ९९ डॉलर’ अशी सवलत सांगितल्यामुळे मी होकार दिला. आलेल्या माणसाने अर्ध्या तासात मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले, डक्टमध्ये काळी विषारी बुरशी आहे म्हणाला, आणि आजच्या आज फवारणी केली नाही तर मुलांच्या जिवाला धोका आहे, असे सांगून १,८०० डॉलर मागितले. मी घाबरून ५०० डॉलर आगाऊ क्रेडिट कार्डने दिले आणि उरलेले काम थांबवले. मी योग्य केले का?
— एक वाचिका, टेक्सास

उत्तर : काम थांबवलेत हे उत्तम केले. पुढचे पाऊल म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेला आजच लेखी कळवा, की ज्या कामासाठी पैसे घेतले ते काम झालेले नाही आणि आपल्याला या रकमेवर हरकत घ्यायची आहे. रोख रकमेच्या बाबतीत हा मार्ग खुला नसतो, त्यामुळे कार्डने दिलेत हे बरे झाले. त्या माणसाशी झालेले संदेश, ९९ डॉलरांची जाहिरात आणि त्याने दिलेली पावती हे सर्व जपून ठेवा, आणि राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक तक्रार विभागाकडे तक्रार नोंदवा.

आता बुरशीविषयी, कारण आपली खरी काळजी तीच आहे. काळा दिसणारा प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. जाळीभोवती धुळीची काळपट कडा बसते, आणि ती अगदी बुरशीसारखी दिसते. छायाचित्र आपल्याच घरातले होते का, हा प्रश्न तर त्याहून आधीचा. तो भाग आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी दाखवायला सांगणे हा आपला हक्क आहे. खात्री करण्याचा सोपा उपायही आहे. पारदर्शक चिकटपट्टीवर त्या डागाचा नमुना घेऊन सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो, आणि ती बुरशी आहे की नाही एवढे सांगायला काही प्रयोगशाळा सुमारे ५० डॉलर घेतात, असे ईपीएने नमूद केले आहे. पन्नास डॉलरांत शंका मिटत असताना १,८०० डॉलरांची घाई कशासाठी?

समजा, बुरशी खरोखर निघाली. तरीही फवारणी हे त्याचे उत्तर नव्हे. बुरशी ओलाव्यावर जगते. कॉइलखालचा ट्रे तुंबलेला असेल, डक्टवर दव धरत असेल किंवा छत गळत असेल, तर ते दुरुस्त झाल्याशिवाय कितीही औषध मारले तरी ती परत येते. फायबरग्लासचे अस्तर असलेला किंवा त्याच्याच पुठ्ठ्यांचा केलेला डक्ट ओला होऊन बुरसटला असेल, तर तो परिणामकारकपणे साफच होऊ शकत नाही. तो भाग काढून नवा बसवावा, असे ईपीए सांगते, आणि अशा अस्तराच्या डक्टवर वापरण्यासाठी कोणतेही जंतुनाशक रसायन तिच्याकडे नोंदलेले नाही, हेही तिने स्पष्ट केले आहे. म्हणजे आपले डक्ट अस्तराचे असतील, तर त्या माणसाने देऊ केलेली फवारणी मुळातच करण्याजोगी नव्हती.

एक गोष्ट अजून. ‘आम्ही ईपीए-प्रमाणित आहोत’ असे कोणी म्हणाले, तर तेवढ्यावरून त्याला दारातूनच निरोप द्यावा. ईपीए डक्ट साफ करणाऱ्या कोणत्याही कंपनीला प्रमाणपत्र किंवा मान्यता देत नाही. नॅडकाचे सदस्यत्व आणि तिची कामगारांसाठीची परीक्षा या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांचा केवळ उल्लेख ऐकून न थांबता संघटनेच्या यादीत कंपनीचे नाव तपासून पाहावे. काही राज्यांत या व्यवसायाला परवानाही लागतो. तो क्रमांक मागायला संकोच करू नये.

प्रश्न : आम्ही नुकतेच पंधरा वर्षे जुने घर विकत घेतले. मुलीला धुळीची अ‍ॅलर्जी आहे. शेजारी म्हणतात, दर तीन वर्षांनी डक्ट साफ करून घ्यावेच लागतात. आम्ही हा खर्च करावा का?
— एक वाचक, इलिनॉय

उत्तर : केवळ दिनदर्शिका पाहून करू नये. ठरावीक वर्षांनी सफाई हवीच, असा आग्रह बहुधा ती विकणाऱ्यांचा असतो. ईपीएची भूमिका गरज असेल तेव्हाच करावी अशी आहे. गरज कधी, तर तीन प्रसंगी : पत्र्याच्या डक्टच्या आत किंवा यंत्राच्या इतर भागांवर डोळ्यांना दिसेल एवढी बुरशी वाढलेली असेल, डक्टमध्ये उंदीर, कीटक यांनी घर केले असेल, किंवा धूळ आणि कचऱ्याने डक्ट इतके चोंदले असतील, की जाळ्यांतून खोलीत कण बाहेर पडताना दिसतात. यांपैकी काही आढळले, तर आधी त्याचे कारण शोधावे आणि मगच सफाईवर पैसे घालावेत.

डक्टमध्ये धूळ असणे हे स्वाभाविक आहे. रिटर्नच्या जाळीवर धूळ साठते, कारण खोलीतली हवा तिथूनच आत ओढली जाते. ती जाळी आपण स्वतः काढून धुऊन पुन्हा लावू शकता. आतल्या भिंतींना चिकटलेली बरीचशी धूळ तिथेच बसून राहते आणि खोलीत परत येत नाही. डक्ट साफ केल्याने आजार टळतात, असे आजवर सिद्ध झालेले नाही, आणि हे ईपीए आपल्या माहितीपत्रकात सुरुवातीलाच सांगते. शेजारच्या कॅनडातील केंद्रीय गृहनिर्माण संस्थेने प्रत्यक्ष घरांत तपासणी केली, तेव्हा तिलाही सफाईने श्वासावाटे आत जाणाऱ्या हवेत सहसा फरक पडत नसल्याचे दिसले. उलट, निष्काळजीपणे केलेल्या सफाईने जी धूळ जागच्या जागी बसून होती, ती घरभर उडू शकते. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलीच्या घरी हा धोका विचारात घ्यायलाच हवा.

तरीही आपल्या बाबतीत एक शक्यता तपासून पाहण्यासारखी आहे. आधीच्या मालकांनी घर विकण्यापूर्वी नूतनीकरण केले होते का? प्लास्टरबोर्ड घासताना उडणारी पांढरी भुकटी आणि लाकडाचा भुसा रिटर्नमधून आत ओढला जातो, आणि कॉइलवर त्याचा थर बसतो. त्यांच्याकडे कुत्रे-मांजरे होती का, हेही विचारा. एखादी जाळी काढून, हातभर लांबीवर बॅटरीचा झोत टाकून मोबाइलने छायाचित्र घ्या. करडा पातळ थर दिसला तर तो विसरून जा. गोळे, भुसा, खिळे, उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कंत्राटदाराला बोलवा.

मुलीसाठी पैसे खर्च करायचेच असतील, तर मी त्यांचा क्रम असा लावेन. प्रथम फिल्टर. फिल्टरची कण पकडण्याची क्षमता मर्व्ह या श्रेणीने दाखवतात, आणि जितका अंक मोठा तितके बारीक कण तो अडवतो. मर्व्ह १३ चा फिल्टर साध्या स्वस्त फिल्टरपेक्षा कितीतरी बारीक कण अडवतो. मात्र दाट फिल्टरमधून हवा ओढायला पंख्याला जोर लावावा लागतो, म्हणून आपल्या यंत्राला कोणता चालेल हे दुरुस्तीला येणाऱ्या तंत्रज्ञाला विचारून घ्यावे. त्यानंतर ओलावा. घरातली सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखली, तर बुरशी आणि धुळीतले सूक्ष्म किडे या दोन्हींना आळा बसतो, आणि ती मोजणारे छोटे यंत्र फारसे महाग नसते. मुलीच्या डॉक्टरांशी तर बोलावेच, कारण अ‍ॅलर्जी नेमकी कशाची हे कळल्याशिवाय घरातल्या कोणत्या धुळीमागे लागायचे हे ठरत नाही.

डक्टची सफाई आणि फर्नेसची वार्षिक तपासणी या दोन गोष्टींची मात्र गल्लत करू नये. गॅसवर किंवा तेलावर चालणारी फर्नेस दर हिवाळ्यापूर्वी तपासून घ्यायलाच हवी, कारण तिथे प्रश्न कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे जिवाचा आहे. हा खर्च वेगळा असतो, सफाईच्या तुलनेत बराच कमी असतो, आणि तो मी कधीही वाचवणार नाही.

प्रश्न : सफाईमुळे विजेचे आणि गॅसचे बिल किती कमी होते? विक्रेत्याने ‘दोन वर्षांत पैसे वसूल’ असे सांगितले आहे.
— एक वाचक, जॉर्जिया

उत्तर : त्याने बिल किती कमी होईल याची लेखी हमी दिली आहे का, ते विचारा. डक्टच्या आतली धूळ काढून बिल लक्षणीय घटते, याला भक्कम आधार नाही. वर उल्लेखिलेल्या कॅनडातील पाहणीतही हवेचा प्रवाह किंवा गरम करण्याचा खर्च यांत विशेष फरक आढळला नाही. कॉइल आणि पंखा यांची गोष्ट वेगळी आहे : कॉइलच्या बारीक पत्र्यांमध्ये घाणीचा थर बसला, तर उष्णतेची देवाणघेवाण मंदावते आणि यंत्र जास्त वेळ चालते. त्यामुळे बचतीसाठी सफाई करायचीच असेल, तर या दोन भागांपुरती करावी. तिला पूर्ण डक्टच्या सफाईएवढे पैसे लागत नाहीत.

खरी गळती दुसरीकडे असते. एनर्जी स्टार या सरकारी कार्यक्रमाच्या म्हणण्यानुसार सर्वसाधारण घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी सुमारे २० ते ३० टक्के हवा सुटलेले सांधे, भोके आणि सैल जोड यांतून वाया जाते. पैसे मोजून तापवलेली हवा खोलीऐवजी माळ्याला ऊब देत राहते. शिवाय रिटर्न डक्टचा सांधा सुटलेला असेल, तर तिथून माळ्यावरची किंवा तळघरातली धूळ आत ओढली जाते, म्हणजे आज साफ केलेले डक्ट उद्यापासून पुन्हा मळू लागतात. उघड्यावर दिसणारे सांधे मॅस्टिकने (सांधे बुजवण्याच्या लेपाने) किंवा धातूच्या पट्टीने बंद करता येतात. कापडी ‘डक्ट टेप’ नाव सांगते तिथेच टिकत नाही. उष्णतेने तिचा डिंक वाळून ती सुटते.

स्वस्तातला उपाय पुन्हा फिल्टरचाच. चोंदलेला फिल्टर बदलून स्वच्छ लावला, तर एअर कंडिशनरचा वीजवापर ५ ते १५ टक्क्यांनी घटू शकतो, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते. विक्रेत्याच्या दोन वर्षांच्या हिशेबात हा फिल्टर कुठेच नसणार, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : कंत्राटदार ड्रायरचा व्हेंटही त्याच भेटीत साफ करून देतो म्हणतो. घ्यावे का?
— एक वाचिका, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : अवश्य घ्यावे. डक्टच्या बाबतीत मी हात राखून लिहितो, इथे तसे करण्याचे कारण नाही. कपडे वाळवण्याच्या यंत्रातून बाहेर जाणाऱ्या नळीत सुताचा भुसा साचतो, आणि तो सहज पेटतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या आकडेवारीनुसार देशात दर वर्षी घरांतील ड्रायरमुळे सुमारे २,९०० आगी लागतात, आणि त्यांमागचे सर्वांत मोठे कारण वेळेवर सफाई न करणे हेच आहे. याचा दर साधारण १०० ते २०० डॉलरांच्या आसपास असतो. नळी लांब असेल, तिला वळणे जास्त असतील किंवा तिचे तोंड छपरावर असेल तर अधिक. कपडे वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, की नळी तुंबली असे समजावे. ड्रायरमागे प्लॅस्टिकची किंवा पातळ फॉइलची सुरकुतलेली नळी असेल, तर त्याच वेळी ती बदलून धातूची कडक नळी बसवून घ्यावी.

प्रश्न : काम झाल्यावर ते नीट झाले की नाही हे सामान्य माणसाने कसे ओळखावे? पैसे आधी द्यावेत की नंतर?
— एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : पूर्ण रक्कम पाहणीनंतरच द्यावी, आणि हे अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वीच सांगून टाकावे.

काम सुरू होण्याआधी एक खबरदारी घ्यावी. घर १९८० च्या आधी बांधलेले असेल, तर डक्टच्या सांध्यांवरची पांढरी पट्टी किंवा बाहेरचे कागदी वेष्टन अ‍ॅसबेस्टॉसचे असू शकते. अशा जागी कोणालाही ब्रश, ड्रिल किंवा करवत लावू देऊ नये. आधी तपासणी, आणि तसे निघाले तर त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेल्यांकडूनच काम. हा खर्च सफाईच्या दरात नसतो.

काम चालू असताना व्हॅक्यूम कुठे सोडला आहे ते पाहा. त्याची हवा घराबाहेर जायला हवी. यंत्र घरातच ठेवले असेल तर त्याला हेपा फिल्टर हवा, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. नाहीतर डक्टमधली धूळ दिवाणखान्यात येते आणि तिचेच पैसे आपण भरतो. एखाद्याने काम करताना सोफे, गालिचे झाकले नाहीत, तर आतले काम कसे चालले असेल याचा अंदाज करता येतो.

काम संपल्यावर बॅटरी आणि छोटा आरसा हाती घ्या, आणि तंत्रज्ञ तिथे असतानाच पाहणी करा. जाळ्या काढून आत पाहिले, तर पत्र्याच्या डक्टमध्ये धूळ किंवा कचरा दिसू नये. कॉइलच्या एका बाजूने बॅटरीचा झोत टाकला, तर तो दुसऱ्या बाजूला दिसायला हवा, आणि कॉइलचे बारीक पत्रे वाकलेले नसावेत. पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवून पाहावे. तत्पूर्वी यंत्राचा वीजपुरवठा बंद आहे याची खात्री तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. कॉइलखालच्या ट्रेमध्ये थोडे पाणी ओतायला सांगावे, ते नळीतून वाहून गेले पाहिजे. फायबरग्लासच्या अस्तरावर कुठे फाटलेले, ओले किंवा बुरसटलेले आढळले, तर ते सफाईत सुटले असे न समजता बदलण्याच्या कामात मोडते हे ध्यानात घ्यावे. आत जाण्यासाठी मुख्य डक्टला पाडलेली भोके धातूच्या झाकणाने हवाबंद केलेली आहेत का, हे तर न चुकता पाहावे, कारण घाईत नेमके हेच काम राहते आणि मग वर सांगितलेली गळती आपणच पैसे देऊन विकत घेतल्यासारखे होते.

शेवटी थर्मोस्टॅटवरून यंत्र आधी गरम आणि मग थंड असे दोन्ही प्रकारे चालवून घ्यावे. प्रत्येक खोलीत फिरून हवा पूर्वीइतकी तरी येते आहे ना, हे हाताने पाहावे. माळ्यावर सरपटताना एखाद्या लवचीक डक्टवर गुडघा पडून तो चेपलेला असतो, आणि ते एका खोलीतली हवा मंदावल्यावरच कळते. हे सगळे पाहायला अर्धा तास पुरतो. तोवर थांबायला कंत्राटदार तयार नसेल, तर धनादेश लिहिण्याची घाई आपणही करू नये.